मापपरी आणि वेणूचा साकव

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी, जिथे सकाळचं धुकं पांढऱ्या वासरासारखं दारात येऊन बसायचं, तिथे एक इवलीशी वाडी होती. हिरडवाडी तिचं नाव. वाडीच्या एका अंगाला देवराई होती. देवाच्या नावाने राखलेलं ते जुनं रान, तिथल्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नसे. दुसऱ्या अंगाला ओढा होता. उन्हाळ्यात तो गोट्यांतून खुळखुळ हसत जायचा, आणि पावसाळ्यात असा फुगायचा की त्याच्याकडे बघायचीही भीती वाटे.

या वाडीत वेणू राहायची. वेणूचे बाबा, धाकू, बांबूच्या टोपल्या विणायचे. वेणूचा धाकटा भाऊ भिवा अजून नीट बोलायलाही शिकला नव्हता. आणि वेणूची आई... वेणूची आई मागच्या पावसाळ्यात गेली. पलीकडच्या बाजारात टोपल्या विकून ती परत येत होती, आणि ओढ्याला अचानक लोंढा आला. ती घरी पोचलीच नाही.

तेव्हापासून बाबा बोलेनासे झाले. ते दिवसभर अंगणात बसून बांबूच्या कामट्या सोलत. वेणूने हाक मारली तर मान वर करत, पण त्यांचे डोळे तिच्या पलीकडे कुठेतरी बघत असत. आणि भिवा जेवेनासा झाला.

आई रोज सकाळी पेज करायची. मऊसूत, पांढरीशुभ्र, वाफाळलेली. कशी करायची ते वेणूने शेजारी बसून कितीदा पाहिलं होतं. एक तांब्या पाणी, दोन मुठी तांदूळ, दोन चिमट्या मीठ. वेणूही तसंच करायची. एक तांब्या पाणी, दोन मुठी तांदूळ, दोन चिमट्या मीठ. पण तिची पेज पाण्यासारखी पातळ व्हायची, आणि आळणी. मीठ वाढवलं तर खारट व्हायची. तांदूळ वाढवले तर करपून पातेल्याला लागायची.

भिवा एक घोट घ्यायचा आणि ओठ घट्ट मिटायचा.

"खा ना रे सोन्या, एवढासा घास," वेणू म्हणायची.

"आईची," भिवा म्हणायचा. त्याला तेवढंच म्हणता येई.

त्याचे गुबगुबीत गाल ओसरले. हातातलं काळ्या मण्यांचं कडं सैल होऊन कोपरापर्यंत जाऊ लागलं. वेणूला रडू यायचं, पण भिवासमोर ती रडत नसे. लाकडं गोळा करायला म्हणून ती देवराईत जायची, आणि तिथल्या मोठ्या वडाखाली बसून पोटभर रडून यायची.

अशीच ती एका सकाळी रडत बसली होती. उन्हाचे कवडसे पानापानांतून सोन्याच्या नाण्यांसारखे सांडत होते. फुलपाखरं भिरभिरत होती. इतक्यात करवंदीच्या जाळीतून कुणीतरी मुसमुसल्यासारखा आवाज आला. अगदी बारीक, घुंगराच्या एका मण्यासारखा.

वेणूने डोळे पुसले आणि वाकून पाहिलं. जाळीत एक परी अडकली होती! गोकर्णाच्या फुलासारखं निळंजांभळं तिचं परकर-पोलकं, केसांत दवबिंदूंची माळ, आणि चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत, इंद्रधनुष्यी पंख. त्यातला एक पंख काट्यात गुंतला होता.

"हलू नकोस गं," वेणू हळूच म्हणाली. "ओढलास तर फाटेल."

तिने एकेक काटा अलगद बाजूला केला. बोटांना काटे बोचले, रक्ताचे लालचुटुक थेंब आले, पण तिने हात मागे घेतला नाही. शेवटचा काटा निघाला, आणि परी भुर्रकन उडून वेणूच्या गुडघ्यावर येऊन बसली.

"मी मापपरी," ती म्हणाली. "दहा सेंटिमीटर उंच. एक मिलिमीटर कमी नाही की जास्त नाही! तू माझा पंख वाचवलास, वेणूबाळ. एक इच्छा माग. मी पुरी करीन."

"तुला माझं नाव कसं ठाऊक, परीताई?"

"तू या वडाखाली आईला सगळं सांगत असतेस ना? ते मी ऐकते." परीचा आवाज मऊ झाला. "पण या इच्छेला नियम आहेत हं. जे मागशील ते मोजून मागायचं. जितकं मागशील तितकंच मिळेल, कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. आणि माप असं हवं की तुझ्या हातात, माझ्या हातात, राजाच्या हातात आणि भिकाऱ्याच्या हातात ते सारखंच राहील."

वेणूला काही नीटसं कळलं नाही. ती म्हणाली, "मला आईसारखी पेज यायला हवी. दोन मुठी तांदळाची."

"दोन मुठी? कुणाच्या मुठी?"

"आईच्या," वेणू म्हणाली. आणि मग तिने स्वतःची मूठ उघडून पाहिली. इवलीशी होती ती, एका पेरूएवढी.

आता कुठे तिच्या लक्षात आलं. तांब्या आईचाच होता, पण मूठ वेणूची होती. आईच्या मुठीत खूप तांदूळ मावायचे. आणि आईची मूठ तर आईबरोबर गेली.

वेणू पुन्हा रडू लागली. परीने तिला रडू दिलं. मग तिने टाळी वाजवली, आणि गवतावर तीन चमचमत्या वस्तू उतरल्या.

पहिली होती एक रेशमी फीत. तिच्यावर चांदीचे बारीक ठिपके होते. "ही एक मीटर लांब," परी म्हणाली. "हिच्यावर शंभर घरं आहेत. एकेक घर एक सेंटिमीटरचं. अशा हजार फिती एकापुढे एक मांडल्या की होतो एक किलोमीटर."

दुसरं होतं काचेचं भांडं, पाण्याहून नितळ. "यात मावतं बरोबर एक लिटर. त्याचे हजार भाग केले की एकेक भाग एक मिलिलिटर, पावसाच्या काही थेंबांएवढा."

तिसरा होता एक तराजू. त्याची पारडी बकुळीच्या फुलांएवढी नाजूक दिसत, पण त्यांत ठेवू तेवढं मावे. शेजारी पितळेची वजनं होती, पिवळीधमक. "हे एक ग्रॅम. हे दहा. हे पन्नास. हजार ग्रॅम झाले की एक किलो. घेऊन जा, वेणूबाळ. मोजायला शीक. आणि इच्छा ठरली की ये. ओढ्याला पूर येईपर्यंत मी याच राईत आहे."

वेणू वाटेने घरी निघाली. फीत तिच्या बोटांभोवती गुंडाळलेली होती, आणि तिच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. मोजून मागितलं की मिळतं. मग मी आईच मोजून मागीन! आई केवढी होती, किती उंच होती, किती वजनाची होती, सगळं अगदी बरोबर सांगीन. मग परीला आई द्यावीच लागेल.

या विचाराने तिचं काळीज कितीतरी महिन्यांनी धडधडलं.

घरात आईचं काय उरलं होतं? लुगडं होतं, फणी होती. पण वेणूला हवा होता आईचा हात. ती परसात गेली. तिथे कोपऱ्यात, टोपलीखाली झाकून तिने एक गोवरी लपवून ठेवली होती. आई भिंतीवर शेणाच्या गोवऱ्या थापायची, आणि प्रत्येक गोवरीवर तिच्या पाच बोटांचा ठसा उठायचा. आई गेल्यावर त्या गोवऱ्या चुलीत एकेक करून जळाल्या. शेवटची उरली तेव्हा वेणूने ती कुणाला दिली नाही. थंडीत चूल विझली तरी दिली नाही.

वेणूने फीत त्या ठशावर ठेवली. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत सतरा सेंटिमीटर. आडवा पंजा आठ सेंटिमीटर.

"सतरा आणि आठ," वेणू स्वतःशी पुटपुटली. मग तिच्या डोक्यात आलं, एवढाच हात दुसऱ्या कुणाचा असेल तर त्याच्या मुठीत आईएवढेच तांदूळ मावतील!

ती घरोघरी गेली. "मावशी, हात दाखवता?" "काकी, जरा पंजा पसरता?" बायका आधी हसल्या. पण वेणू कशासाठी मोजतेय हे कळल्यावर हसू थांबलं, आणि एकेकीने पदराला हात पुसून तिच्यापुढे धरला. कुणाचा हात सोळा सेंटिमीटर, कुणाचा एकोणीस. शेजारच्या काकींचा सतरा भरला, पण त्यांचा पंजा होता दहा सेंटिमीटर रुंद. आईएवढा हात काही मिळेना.

उरली एकटी साळूमावशी. ती ओढ्याच्या पलीकडे एका खोपटात राहायची. मागच्या पावसाळ्यापासून ती वाडीत आलीच नव्हती. कुणी भेटायला गेलं तर दार लावून घ्यायची.

ओढ्याला पाणी कमी होतं. वेणू गोट्यांवरून उड्या मारत पलीकडे गेली. साळूमावशी दारात बसली होती. वेणूला बघताच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू गौराची पोर ना? कशाला आलीस इथे?"

"हात मोजायला, मावशी." आणि वेणूने तिला सगळं सांगितलं. पेजेचं सांगितलं, गोवरीचं सांगितलं. परीचं तेवढं मनात ठेवलं.

साळूमावशीने पदराला हात पुसला. मग तिने हात पुढे केला. "मोज. पण मला ठाऊक आहे ते. तुझ्या आईचा हात माझ्याएवढाच होता."

वेणूने फीत लावली. सतरा सेंटिमीटर. आडवा, आठ.

"तुला कसं ठाऊक गं?"

"मी धरला होता तो," साळूमावशी म्हणाली, आणि तिचे डोळे झरझर वाहू लागले. "मी तिला म्हटलं होतं, गौरा, थांब, पाणी उतरू दे. ती म्हणाली, भिवा भुकेला असेल गं, त्याला माझ्याच हातचं लागतं. ती पाण्यात शिरली, मी काठावरून तिचा हात धरला होता. घट्ट धरला होता बाळे, खूप घट्ट. पण पाण्याला जोर होता. सुटला."

वेणू तिच्या कुशीत शिरली. दोघी रडल्या. वर आंब्यावर एक पिवळाजर्द हळद्या पक्षी गात होता, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

मग साळूमावशीने डोळे पुसले, डब्यातले तांदूळ काढले आणि वेणूने बरोबर आणलेल्या तराजूच्या पारड्यात दोन मुठी टाकल्या. वेणूने दुसऱ्या पारड्यात वजनं ठेवली. पन्नास, आणि पन्नास. काटा सरळ उभा राहिला. शंभर ग्रॅम! दोन चिमट्या मीठ भरलं चार ग्रॅम. घरी येऊन वेणूने आईचा तांब्या काचेच्या भांड्यात ओतला, तर तो बरोबर एक लिटर निघाला.

"एक लिटर पाणी, शंभर ग्रॅम तांदूळ, चार ग्रॅम मीठ," वेणू म्हणत गेली आणि पेज रटरटत गेली. मऊसूत, पांढरीशुभ्र.

भिवाने एक घोट घेतला. त्याचे डोळे मोठ्ठे झाले. "आईची!" तो ओरडला, आणि त्याने झटकन दाराकडे मान वळवली. तो बघतच राहिला. दारात कुणी नव्हतं. मग तो पुन्हा वाटीकडे वळला आणि सगळी पेज पिऊन वाटी चाटून पुसून टाकली.

वेणूने तोंड फिरवलं. पण आता तिला घाई झाली होती. थांब भिवू, ती मनात म्हणाली, उद्या दारात खरंच आई उभी असेल.

ती अंगणात गेली. "बाबा, आई केवढी उंच होती?"

बाबांचे हात कामटीवर थांबले. ते उठले, दाराच्या चौकटीपाशी गेले आणि लाकडावर एका जागी बोट ठेवलं. तिथे कुंकवाचा पुसटसा डाग होता. "इथे टेकायचं तिचं कपाळ," ते म्हणाले. त्यांचा आवाज गंजलेल्या कडीसारखा करकरला. "दारात उभी राहून माझी वाट बघायची ना, तेव्हा. वर अजून चार बोटं डोकं."

चार बोटं! वेणूने बाबांची चार बोटंही फितीने मोजली. आई होती एकशे बावन्न सेंटिमीटर.

"आणि वजन, बाबा?"

"दवाखान्यात काट्यावर उभी केली होती, भिवाच्या वेळी. पंचेचाळीस किलो." बाबा किंचित हसले. "तिला खरं वाटेना. म्हणाली, काटा बिघडलाय." आणि मग ते खाली बसले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले. वेणूने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी आई फिरवायची तसा.

दुसऱ्या दिवशी वेणू धावतच देवराईत गेली. वडाच्या पारंब्यांत मापपरी झोके घेत होती. तिच्या पंखांतून निळे, सोनेरी, गुलाबी किरण सांडत होते.

"परीताई, माझी इच्छा ठरली! मला माझी आई हवी. उंची एकशे बावन्न सेंटिमीटर. वजन पंचेचाळीस किलो. हात सतरा सेंटिमीटर लांब, आठ रुंद. सगळं मोजलंय मी. काही चुकलं नाही."

परीचा झोका थांबला. ती हळूच खाली उतरली आणि वेणूच्या तळहातावर उभी राहिली.

"वेणूबाळ, ती तुला हाक कशी मारायची?"

"वेणूऽऽ अशी. लांबवून."

"त्या हाकेचं माप सांग."

वेणूने तोंड उघडलं. सेंटिमीटर? ग्रॅम? लिटर?

"तू आजारी असलीस की ती रात्रभर उशाशी बसायची. तेव्हा तिच्या मनात काय चालायचं, ते किती होतं?"

वेणूने मान खाली घातली.

"मी तुला खोटं सांगणार नाही," परी म्हणाली. तिच्या इवल्या डोळ्यांत मोत्यांसारखे थेंब जमले होते. "तू मागशील ते मी देईन. एवढ्या उंचीची, एवढ्या वजनाची, एवढ्या हातांची एक बाई या वडाखाली उभी राहील. पण ती तुला ओळखणार नाही. भिवाला ओळखणार नाही. ती तुझी आई नसेल. मला जेवढं मोजता येतं तेवढंच देता येतं गं. त्यापुढे माझा इलाज नाही."

वेणूने डोळ्यांपुढे आणून पाहिलं. आईएवढीच उंच बाई. भिवा धावत जाऊन तिच्या पायांना मिठी मारतोय, आणि ती त्याच्याकडे अनोळखी नजरेने बघतेय.

"नको," वेणू म्हणाली. "नको, परीताई. तशी नको."

ती घरी गेली नाही. चालत चालत ओढ्याकाठी आली आणि एका धोंड्यावर बसली. पाणी उन्हात लुकलुकत होतं, जणू त्याने कधी कुणाचं काही नेलंच नव्हतं. वेणूला त्या पाण्याचा खूप राग आला. तिने एक दगड उचलून फेकला. मग दुसरा. मग ती थकली.

शोधत शोधत बाबा तिथे आले. आई गेल्यापासून ते ओढ्याकडे फिरकले नव्हते. ते तिच्याशेजारी बसले. पलीकडच्या काठावर साळूमावशी दारात उभी होती. तीही याच पाण्याकडे बघत होती. आणि वरच्या पायवाटेने दोन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन उतरत होत्या. त्यांची मुलं घरी वाट बघत असतील, वेणूच्या मनात आलं. पाऊस लागला की या कशा येतील?

"बाबा," ती म्हणाली, "ओढा केवढा आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती मीटर? मला साकव हवाय." साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटासा पूल. "परीकडे मागायचाय."

मग तिने बाबांना परीचं सारं सांगितलं. बाबांनी विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे. पण ते उठले आणि घरून भिवाला आणि काथ्याची लांबलचक दोरी घेऊन आले.

दोरीचं एक टोक भिवाने धरलं. दुसरं घेऊन बाबा पाण्यातून पलीकडे गेले. पाण्यात पाय ठेवताना ते क्षणभर थांबले, डोळे मिटले, आणि गेले. वेणू ताणलेल्या दोरीवर फीत लावत चालली, आणि मीटर संपला की जास्वंदीचं एक लाल फूल दोरीत खोचू लागली. वाडीतली मुलं गोळा झाली आणि फुलं मोजू लागली. नऊ फुलं लागली.

"नऊ मीटर!" मुलं ओरडली.

"नाही रे पोरांनो," साळूमावशी म्हणाली. ती आपल्या काठावरच्या जांभळाच्या झाडाखाली उभी होती. फांदीत मागच्या पुराचं वाळकं गवत अजून अडकलेलं होतं. "हा उन्हाळ्यातला ओढा झाला. पुरात तो इथपर्यंत येतो. तुमच्याकडे त्या काळ्या खडकापर्यंत जातो."

परीचा नियम वेणूला आठवला. जितकं मागशील तितकंच. नऊ मीटर मागितला असता, तर साकव पाण्याच्या मधोमध उभा राहिला असता, आणि कुणाचा तरी पाय... वेणू शहारली. तिने सगळी फुलं काढली आणि पुन्हा सुरुवात केली. काळ्या खडकापासून जांभळापर्यंत सोळा मीटर.

"दोन्ही काठांवर एकेक मीटर टेकायला हवा," बाबा म्हणाले. "टोपलीचा काठ विणताना जास्तीची कामटी नाही का सोडत आपण." म्हणजे अठरा मीटर झाले. ओढ्याच्या तळापासून पुराच्या खुणेपर्यंत उंची भरली तीन मीटर, म्हणून साकव चार मीटर उंच. भारा घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तरी जाता यावं म्हणून रुंदी दीड मीटर. मोठ्यांच्या हाताला लागेल असा कठडा नव्वद सेंटिमीटर उंचीवर. वेणूने भिवालाही उभं करून मोजलं, आणि म्हणाली, "आणि खाली एक कठडा आणखी. पन्नास सेंटिमीटरवर. लहान मुलांसाठी."

आकाशात जांभळेकाळे ढग दाटले होते. वेणू देवराईत गेली तेव्हा परी वडाच्या पानावर उभी राहून तिचीच वाट बघत होती. वेणूने सगळी मापं सांगितली. एकही विसरली नाही, एकही चुकली नाही.

"यात तुझ्यासाठी काहीच नाही, वेणूबाळ," परी म्हणाली. "विचार केलास?"

"केला," वेणू म्हणाली. "माझी आई आता यायची नाही. दुसऱ्यांच्या आया तरी येऊ देत."

परीने तिच्या गालाला आपला चिमुकला गाल टेकवला. मग ती उडाली, झाडांवरून, वाडीवरून, थेट ओढ्यावर. तिच्या मागे रुपेरी रेघ उमटत गेली. रेघेची झाली फीत, फितीची झाली वाट, आणि बघता बघता तिथे काळ्याभोर दगडी खांबांचा, गुळगुळीत सागवानी फळ्यांचा साकव उभा राहिला. बाबांनी वेणूच्या फितीने तो मोजून पाहिला. अठरा मीटर. एक मिलिमीटर कमी नाही की जास्त नाही.

त्या रात्री डोंगरावर धो धो पाऊस कोसळला. सकाळी ओढा तांबडालाल होऊन गर्जत होता. वाडीतली सगळी माणसं काठावर जमली. पाणी काळ्या खडकाला लागलं, जांभळाच्या फांदीला लागलं. साकवाला मात्र ते लागेना, त्याच्या खाली एक मीटरवरूनच ओरडत पुढे जात राहिलं. कठड्यावर एक निळा ठिपका चमकत होता. तो फक्त वेणूलाच दिसत होता.

तेवढ्यात पलीकडून एक बाई धावत आली. कुठल्या लांबच्या गावची होती, कुणाच्या ओळखीची नव्हती. तिच्या छातीशी एक बाळ होतं, तापाने फणफणलेलं. पुराकडे बघून ती साकवाच्या तोंडाशीच थांबली.

"चल बाई," साळूमावशी खोपटातून बाहेर येत म्हणाली. "मी आहे ना बरोबर. खाली बघू नकोस."

मागच्या पावसाळ्यापासून साळूमावशीने ओढा ओलांडला नव्हता. आज ती त्या बाईच्या एका अंगाने चालू लागली. फळ्या ओल्या होत्या, वारा पदर ओढत होता, खाली पाणी घोंगावत होतं. सगळी वाडी श्वास रोखून बघत होती. बाबांनी भिवाला उचलून घट्ट धरलं होतं.

बाईचं पाऊल अलीकडच्या मातीला लागलं, आणि कठड्यावरचा तो निळा ठिपका फुलू लागला. आधी पणतीएवढा, मग चंद्राएवढा, मग निळ्या-सोनेरी-गुलाबी उजेडाचा एक प्रचंड पिसारा सगळ्या ओढ्यावर पसरला. पुराचं गढूळ पाणीसुद्धा क्षणभर मोरपंखी झालं. त्या उजेडात परी हसली. तिचे ओठ हलले, पण ती काय म्हणाली ते पाण्याच्या आवाजात वेणूला ऐकू आलं नाही. मग उजेड विरत विरत गेला. ढगांना एक सोनेरी किनार तेवढी राहिली, आणि तीही मिटली.

वेणूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साळूमावशीने तिला पोटाशी धरलं. "आता मी येत जाईन हं, रोज," ती म्हणाली. "भिवाच्या पेजेला. तुझी वेणी घालायला."

ती परगावची बाई मात्र थांबायला तयार नव्हती. "दवाखाना कुठे आहे गं, बाळे?" तिने वेणूला विचारलं. "अजून खूप लांब आहे का?"

वेणूने पदराने झाकलेल्या त्या बाळाकडे पाहिलं. त्याचे ओठ सुकले होते, पण ते आईच्या गळ्यातल्या पोतीशी चाळा करत होतं.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "दोनच किलोमीटर. चला, मी दाखवते."

आणि चिखलातून, भिजलेल्या हिरव्या गवतातून, ती त्यांच्यापुढे धावू लागली.